निळा जागर

“हा खडा मळलाय का गं?”

फोन हातभर लांब धरून, मान मागे ओढून आत्या विचारत होत्या. त्यांच्या नातीने चेन्नईहून अंगठीचा फोटो पाठवला होता. साखरपुड्याला तिला हीच हवी. मधला हिरा फिकट तपकिरी, पाणी जास्त झालेल्या गुळवण्याच्या रंगाचा. भोवती बारीक पांढऱ्या खड्यांची महिरप.

“मळलेला नाही आत्या. त्याचा रंगच तो. शॅम्पेन डायमंड म्हणतात.”

“शॅम्पेन म्हणजे दारू ना?”

“हो, पण...”

“साखरपुड्यात दारू. बरं.” त्यांनी फोन पालथा ठेवला आणि टोपलीतलं लिंबू उचललं.

शुक्रवार होता. कुंभकोणमहून दारासुरमच्या बाजूने निघालं की सात-आठ किलोमीटरवर पट्टीश्वरम् लागतं. इथल्या देवळातली दुर्गा म्हणजे पळैयारैला चोळांचा वाडा होता त्याची राखणदार, असं गावात सांगतात. शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागला की बायका तिच्यापुढे लिंबाचे दिवे लावतात. लिंबू अर्धं कापायचं, रस पिळायचा, साल उलटी करून तिची वाटी करायची आणि तीत तूप-वात. साल फाटू न देता उलटवणं हे बोटांचं काम आहे. माझ्या तीनपैकी दोन फाटल्या तेव्हा आत्यांनी सुरी माझ्या हातातून काढून घेतली आणि कॉफीचा पेला दिला.

या माझ्या नवऱ्याच्या आत्या. एकोजीराजांच्या मागोमाग तंजावरकडे आलेल्या मराठी घराण्यांपैकी त्यांचं एक. त्यांची मराठी पुण्याच्या कानाला पहिल्या दिवशी निम्मीच कळते: शब्द जुने, चाल तमिळ. इथे त्यांचं बोलणं मी माझ्या मराठीत उतरवलं आहे. मूळचा ठसका त्यात आला नसेल तर दोष माझा.

आणि माझीही एक कबुली. बारा वर्षं मी जाहिरातींचा मजकूर लिहिला, त्यातली तीन दागिन्यांच्या एका पेढीसाठी. तपकिरी हिऱ्यांचा माल होता आणि ‘तपकिरी’ हा शब्द ऑफिसात वर्ज्य. कोणी चुकून उच्चारला तर चहाच्या डब्यात पाच रुपये दंड. आमच्यापुढे चालणाऱ्या शब्दांची यादी असायची: मध, दालचिनी, कोन्याक, सांजवेळ. सांजवेळ माझी.

“मग तूच सांग,” आत्या म्हणाल्या, “आमच्या वेळी असला खडा हिरेवाला पुडीतून बाहेरसुद्धा काढत नसे. हे घ्यायला लोक लागले कधीपासून?”

“ऑस्ट्रेलियात आर्गाइल नावाची खाण १९८३ मध्ये सुरू झाली तेव्हापासून म्हणा. २०२० मध्ये बंद पडली. तोवर तिच्यातून साडेशहाऐंशी कोटी कॅरेट निघाले, आणि त्यातले बहुतेक तपकिरी.”

“म्हणजे पोत्यांनी.”

“पोत्यांनी. त्याआधी असला हिरा यंत्रांच्या पात्यांना लावायचे, काच कापायला, दगडाला भोकं पाडायला. एवढा माल त्या भावात घालवणं परवडेना. म्हणून फिकट त्याला शॅम्पेन म्हटलं, गडद त्याला कोन्याक. सी-१ ते सी-७ अशी पट्टी काढली. पैलू पाडायला माल आपल्याकडे आला. एवढे बारीक आणि स्वस्त खडे घासणं सुरतेलाच परवडत होतं. मग अमेरिकेत २००० साली एका पेढीने ‘चॉकलेट’ हे नावच नोंदवून घेतलं.”

“आमच्या कुंभकोणमच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन बघ. काळं पडलेलं पितळ घासत नाहीत आता. ‘अँटिक’ म्हणून दीडपट भाव सांगतात.” एक साल उलटली. “त्या पितळेचं मला काही वाटत नाही. पण हिरा म्हणजे पाणी. पाणी स्वच्छ हवं.”

“त्याच खाणीत गुलाबीही निघायचे, आत्या. शंभरात एकसुद्धा नाही, पण जगातले नव्वद टक्क्यांहून जास्त गुलाबी हिरे तिथलेच. तळव्यावर मावतील एवढे खडे दरवर्षी निवडून, मोजक्या जवाहिऱ्यांना बोलावून, बंद पाकिटातल्या बोलीने विकायचे. भाव विचारू नका. गंमत अशी की गुलाबी आणि तपकिरी यांचं कारण साधारण एकच. पिवळ्यात नायट्रोजन असतो, निळ्यात बोरॉन. या दोघांत बाहेरचं काही मिसळलेलं नसतं. जमिनीखालच्या दाबाने आतली घडणच मुरडते, म्हणून रंग दिसतो.”

“सख्ख्या बहिणी.”

“एक राजवाड्यात, एक धुण्याभांड्याला.”

“आणि तू त्या धुण्याभांडीवालीला शालू नेसवलास.” हे मात्र त्या हसत म्हणाल्या. “सांजवेळ!”

मला लागलं, म्हणून मी तो विषय काढला जो या घरात कोणी काढत नाही. “तुमच्या कानातल्यांना तरी काय वेगळं केलंय? ब्लू जागर.”

त्यांच्या कानांत सात खड्यांची तोडं आहेत. मध्ये एक, भोवती सहा. आपल्याकडे मोत्यांची कुडी असते तीच ठेवण, मोत्यांच्या जागी हिरे. तमिळ देशात ब्राह्मण घरांत, आणि त्यांच्या शेजाराने आमच्या मराठी घरांतही, लग्नाच्या मुलीला ही तोडं घालणं म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्रानंतर जे काही येत असेल ते. (नक्षत्र नावाने डी बीअर्सने हीच सात खड्यांची फुलं ऐश्वर्या रायच्या कानांत घालून देशभर विकली, तेव्हा आत्यांनी टीव्हीसमोर बसून विचारलं होतं म्हणे, “यात नवीन काय?”) आणि या तोडांतला हिरा ‘ब्लू जागर’ असला तर मग बोलायलाच नको.

लग्न होऊन मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा सासूबाईंनी कानात सांगितलं होतं, “आत्यांकडे निळा जागर आहे.” मला वाटलं नवरात्रातला असेल, देवीचा. रात्रभर जागून कसला निळा कुळाचार करतात हे विचारायचं धाडस मला दोन वर्षं झालं नाही.

“जागर म्हणजे यागर्सफोन्टेन,” मी म्हटलं. “दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीचं नाव. १८७० मध्ये तिथे पहिला हिरा सापडला, १८९३ मध्ये एक्सेल्सिअर नावाचा ९९५ कॅरेटचा धोंडा निघाला. त्या खाणीतले काही हिरे उन्हात निळसर दिसायचे. त्यावरून व्यापाऱ्यांनी निळसर झाक असलेल्या कुठल्याही हिऱ्याला ‘जागर’ म्हणायला सुरुवात केली. खाण १९७१ मध्ये बंद झाली. इथल्या दुकानांत ब्लू जागर अजून मिळतोय.”

“माझा १९४२ चा आहे. खाण चालू होती.”

“असेल. पण निळा मुळात तो नाहीच. उन्हात डोळ्यांना न दिसणारे जांभळ्यापलीकडचे किरण असतात. ते पडले की काही हिरे निळे उजळतात. निळं पिवळ्याला झाकतं. आपण पांढऱ्या कपड्यांना नीळ देतो ना, तसंच. नीळ दिलेला फिकट पिवळा हिरा म्हणजे ब्लू जागर, असंही निघू शकतं. अमेरिकेत तर ‘ब्लू-व्हाइट’ म्हणून इतका वाटेल तो माल खपवला गेला की तिथल्या व्यापार आयोगाला १९३८ मध्ये त्या शब्दावर लगाम घालावा लागला. तुमच्या वडिलांनी अर्धी वेली शेत विकलं ते या शब्दापायी.”

कावेरीच्या मुलखात जमीन वेलीने मोजतात. एक वेली म्हणजे साडेसहा एकरांच्या वर. हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला वाटलं, आता कॉफी परत घेतली जाणार.

आत्यांनी सुरी पुसली. “वडिलांनी नाही, आजोबांनी. माझ्या आईच्या लग्नात. आणि शब्दावर नाही घेतले. तुला काय वाटलं, हिरेवाला आला, ‘जागर’ म्हणाला आणि शेत विकलं? काकपद बघायचे. बिंदू बघायचा, रेघ बघायची. कावळ्याच्या पायासारखी आत चीर असली तर फुकट दिला तरी घेत नसत. आणि एवढं सगळं बघून घेतला तरी तो घेतला नव्हेच. पुडी आठ दिवस घरात राहायची. उशाखाली. त्या आठ दिवसांत कोणी आजारी पडलं, वाईट स्वप्न पडलं, घागर फुटली, तर पुडी परत. हिरेवाला एक शब्द बोलत नसे.”

“आणि या तोडांच्या वेळी काय झालं?”

“तिसऱ्या रात्री गाय व्याली. कालवड.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं मी समजून घ्यावं. मी घेतलं. पट्टी म्हणजे कामधेनूची लेक. तिने इथे शंकराची पूजा केली म्हणून हे पट्टीश्वरम्. ज्या गावाचं नाव कालवडीवरून पडलं त्या गावात, उशाखाली हिरे असताना कालवड झाली. अर्धी वेली काय, पूर्ण गेली असती.

“आत्या, १९१० सालची गोष्ट सांगते. पॅरिसमध्ये पिएर कार्तिए नावाचा जवाहिऱ्या होता. त्याच्याकडे होप नावाचा निळा हिरा आला. मूळ आपल्या कोल्लूरचा, गोवळकोंड्याच्या मुलखातला. ताव्हर्निए नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने नेऊन चौदाव्या लुईला विकलेला, पुढे चोरीला गेलेला, पुन्हा घासलेला. कार्तिएने तो एका श्रीमंत अमेरिकन बाईला दाखवला, एव्हलिन वॉल्श मॅक्लीन तिचं नाव. तिला कोंदण आवडलं नाही. त्याने कोंदण बदललं, हिरा अमेरिकेला नेला आणि म्हणाला, शनिवार-रविवार तुमच्याकडेच राहू द्या.”

सुरी थांबली. “उशाखाली?”

“कुठे ठेवला ते माहीत नाही. पण सोमवारी परत आला नाही. १९११ मध्ये सौदा झाला.”

आत्या इतक्या मोठ्याने हसल्या की रस्त्यावरून फुलांची परडी घेऊन जाणारी बाई वळून बघायला लागली. “त्याला कुंभकोणमच्या हिरेवाल्याने शिकवलं असणार!”

“पुढे ऐका ना. त्याने तिला असंही सांगितलं की हा हिरा शापित आहे. ज्याच्याकडे जातो त्याचं वाटोळं होतं.”

“आणि तरी घेतला?”

“म्हणून घेतला. अवलक्षणी वस्तू मला लाभतात, असं तिचं म्हणणं होतं. त्याने गिऱ्हाईक बरोबर ओळखलं.”

“हे बघ,” आत्या म्हणाल्या, “दोष सांगून विकणारा आणि दोष लपवून विकणारा यांत मी पहिल्याला मान देईन. पण पुडी आठ दिवस घरात ठेवायची ती कशासाठी, हे तुझ्या कार्तिएला कळलं नाही. त्याने ठेवली बाईला मोह पडावा म्हणून. आमच्याकडे मोह पडला तरी परत द्यायची सोय राहावी म्हणून.”

याला माझ्याकडे उत्तर होतं. दोन्हींत पुडी बहुतेक परत जात नाही, हे. पण कालवडीची आठवण ताजी होती.

मी दुसरीकडून सुरुवात केली. जाहिरातीसाठी वाचताना मला रत्नशास्त्रातला रंगांचा हिशेब सापडला होता. आपल्या जुन्या रत्नपरीक्षेच्या पोथ्यांत हिऱ्याला वर्ण आहेत: पांढरा ब्राह्मणाचा, तांबूस क्षत्रियाचा, पिवळा वैश्याचा, काळा शूद्राचा. वराहमिहिराने सहाव्या शतकात रंग आणि आकार पाहून हिरे देवांत वाटले. पांढरा इंद्राला, काळा यमाला. पुत्र हवा असलेल्या बाईने हिरा घालूच नये असं काही जाणकारांचं मत आहे, तेही त्याने नोंदवून ठेवलंय.

“हे तुझ्या पेढीला सांगितलंस?”

“शेवटचं गाळून.”

“म्हणजे जातसुद्धा हिऱ्याला आपणच चिकटवली.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “आमच्या घरी पिवळा खडा नको म्हणायचे तो वैश्याचा म्हणून नव्हे. पिवळा म्हणजे हलका, एवढंच ठाऊक होतं.”

“पिवळ्याची तर मोठी मजा आहे. आफ्रिकेचा हिरा बाजारात आला तेव्हा त्यात पिवळट खूप होता. ‘केप’ म्हणायचे, केप म्हणजे स्वस्त. त्याच आफ्रिकेत किंबर्लीला १८७७ मध्ये मोठा पिवळाधमक हिरा निघाला, टिफनीने घेतला, घासून १२८ कॅरेटचा झाला. त्याला केप म्हणायची कोणाची छाती नाही. सिनेमाच्या जाहिरातीत ऑड्री हेपबर्नने घातला, ऑस्करला लेडी गागाने. आता प्रयोगशाळांची पट्टी असते: डी म्हणजे पांढराशुभ्र, आणि झेडपर्यंत पिवळटपणा वाढत जातो तसा भाव उतरत जातो. झेडच्या पुढे गेला की तोच पिवळा ‘फॅन्सी’ होतो आणि भाव वर उडी मारतो.”

“मग त्यात मजा कसली?” त्यांनी माझा पेला पुढे ओढला. तळाशी घोटभर कॉफी होती. “पाण्यात डिकॉक्शनचे दोन थेंब पडले तर ते काय? खरकटं पाणी. ओतून टाकशील. पेलाभर डिकॉक्शन झालं की कॉफी. पैसे देऊन पिशील. इतकं तर आमच्या गड्यालाही कळतं.”

मी बारा वर्षं जाहिरातींच्या धंद्यात होते. अशी एक ओळ मला सुचली नाही. पट्टीवरची ती उडी म्हणजे निव्वळ बनवाबनवी असं मी मनात धरून बसले होते; डोळ्याला खरंच काही वेगळं दिसत असेल ही शक्यता मी सोडून दिली होती. पण अर्धंच पटलं. “पण आत्या, झेडपर्यंतचा हिरा पालथा ठेवून तपासतात, फॅन्सीचा सुलटा. आणि पिवळा वरून जास्त गडद दिसावा म्हणून पैलूंचा खास घाट निघालाय, रेडियंट नावाचा, १९७७ पासून. तुमची कॉफी दाट दिसावी म्हणून पेलाच रंगवल्यासारखं.”

“कोंदणात खड्याखाली डांक घालायचे तेव्हाही तेच. सोनारांचे धंदे जुनेच आहेत गं. तुला नवीन वाटतात.”

दहा वाजून गेले होते. आत्यांनी तुपाची वाटी जवळ घेतली आणि नेहमीचा प्रश्न आला. “टी. माधवराव कुठले?”

“कुंभकोणमचे.” दर भेटीत एकदा येतोच हा. १८२८ साली कुंभकोणमच्या मराठी घरात जन्मलेला हा माणूस त्रावणकोरचा दिवाण झाला, मग इंदूरचा, मग १८७५ मध्ये बडोद्याचा. या ओट्यावर बसून जगातल्या कुठल्याही विषयाची गाडी माधवरावांवरून न्यावीच लागते. पण या वेळी मी तयार होते. “आणि ते बडोद्याला का गेले, आत्या?”

“मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं म्हणून. रेसिडेंट फेअर साहेबाच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड घातली असं बालंट आलं ना.” जुन्या गोष्टींतल्या राण्या हिरकणी खाऊन प्राण देतात, तीच हिरकणी. चौकशी आयोगातली मतं निम्मी निम्मी पडली, गादी गेली ती गेलीच.

“माधवराव ज्या बडोद्याचा कारभार बघायला गेले, तिथल्या जामदारखान्यात एक हिरा होता. स्टार ऑफ द साउथ. ब्राझीलमध्ये १८५३ साली एका गुलाम बाईला सापडला, त्यापायी तिला स्वातंत्र्य मिळालं. घासून १२८ कॅरेटचा झाला. खंडेराव गायकवाडांनी ऐंशी हजार पौंडांना घेतला. पुढे बडोद्याच्या महाराणी सीतादेवी गळ्यात घालायच्या.”

“पांढरा?”

“प्रयोगशाळेच्या कागदावर लिहिलंय: फिकट, गुलाबीसर तपकिरी.”

आत्यांनी वात तुपात बुडवली, पिळली. “मळकाच की.”

“नाव दक्षिणेचा तारा.”

“खंडेरावांना कोणी कागद दाखवला नसेल.”

“इंदूरचंही तसंच. होळकरांकडे गोवळकोंड्याचा निळा हिरा होता, २३ कॅरेटचा. तो पुढे काही काळ गायकवाडांकडेही होता. २०२५ मध्ये जिनिव्हाला लिलावाला काढणार होते, साडेतीन ते पाच कोटी डॉलर येतील म्हणत होते. जाहिरातभर होळकर आणि गायकवाड. संस्थानं गेली, खिताब गेले. नावं अजून खड्याचा भाव वाढवायच्या कामी येतात. शेवटी लिलावाआधीच मागे घेतला म्हणा.”

“माधवरावांचं नाव होतं त्यात?”

“नव्हतं.”

“कसलं जाहिरात लिहिणं मग.”

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांचा विषयही निघाला, कारण नातीला पहिल्यांदा तोच घ्यायचा होता. त्यासाठी सरकारने २०२३ मध्ये आयआयटी मद्रासला पाच वर्षांचे २४२ कोटी जाहीर केले, हे आत्यांना पेपरातून ठाऊक होतं. त्यातला बराच माल यंत्रातून तपकिरी झाक घेऊनच बाहेर येतो आणि उष्णता-दाब देऊन ती घालवतात, हे ठाऊक नव्हतं. “म्हणजे तिथे तपकिरी हा डाग, आणि हिच्या अंगठीत दागिना,” एवढंच म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

माझ्या पर्समध्ये त्या दिवसांतली एक जांभळी टॉर्च अजून आहे, नोटा तपासायला वापरतात तसली. मी म्हटलं, आत्या, तुमचा जागर बघू या?

माजघरात दारं लावून घेतली. आत्यांनी डाव्या कानातलं तोड काढलं. फिरकी जुनी, घट्ट, तेल लावून फिरवावी लागली. पदराच्या टोकावर ते ठेवून मी टॉर्चचं बटण दाबलं. मधला खडा गॅसच्या ज्योतीसारखा निळा पेटला. भोवतीचे पाच कमीजास्त, पण निळे: एक दुधी, दोन गडद, दोन फिके. आणि तळाशी एक जागा काळी. तिथे खडा आहे हे हात लावून कळावं.

मी काही बोलले नाही. हिरा उजळला नाही म्हणजे तो खोटा असं नसतं. जगातले बहुसंख्य हिरे उजळत नाहीत. उजळला म्हणजे यागर्सफोन्टेनचाच, असंही नसतं. हे सगळं मला पाठ होतं, पण त्या अंधारात ते सांगावंसं वाटेना.

“खालचा ना?” आत्यांनी विचारलं. त्या बघतही नव्हत्या. “तो पाहुणा आहे.”

“म्हणजे?”

“१९८३ मध्ये ह्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तोडं गहाण ठेवली होती. एका पेढीत. सोडवून आणली, कानांत घातली, ओट्यावर आले. आई बसली होती. उन्हात बघितलं आणि म्हणाली, हा खालचा आपला नाही. तिला तुझी टॉर्च लागली नाही.”

“मग तुम्ही भांडला नाहीत?”

“कशाच्या जोरावर? पावतीवर लिहिलं होतं, सोनं इतके ग्रॅम, खडे चौदा. मोजून चौदा परत दिले त्यांनी.” त्यांनी तोड उचलून हातात धरलं. “तुझ्यासारखं कोणी असतं तर चौदा खड्यांपुढे नाव लिहून घेतलं असतं. जागर म्हण, पागर म्हण, काहीतरी. चाळीस वर्षं झाली कानात आहे, आणि पाहुणाच आहे.”

दार उघडलं. उजेडात ते तोड पुन्हा सात खड्यांचं फूल झालं. मला सातही सारखेच दिसले. कितीही डोळे बारीक केले तरी. आईंना नेमकं काय दिसलं असेल, हे मी अजून शोधते आहे.

आत्यांनी फोन सुलटा केला. “या अंगठीबरोबर कागद मिळतो म्हणालीस. त्यावर काय लिहिलेलं असतं? शॅम्पेन?”

“नाही. प्रयोगशाळा तसले शब्द लिहीत नाही. फॅन्सी ब्राउन, किंवा पिवळसर तपकिरी, असं काही. शॅम्पेन डबीवर.”

“आणि सांजवेळ?”

“जाहिरातीत.”

“तिला म्हणावं, मला कागद पाठव. डबीचा फोटो नको.” मग जरा थांबून, “दुकान परत घेतं का?”

मी वेबसाइट उघडून पाहिलं. “पंधरा दिवसांत. न वापरलेली असेल तर.”

“आठ पुरे. घेऊन ये म्हणावं इकडे. उशाखाली ठेवणं म्हणजे वापरणं नव्हे.” त्यांनी तोड कानात घातलं आणि माझ्याकडे पाठ केली. “फिरकी बसव. सैल ठेवू नकोस, पाहुणा पडेल.”

माझ्या बोटांना लिंबाचा रस होता, फिरकी दोनदा निसटली. साडेदहाला पाच कमी होते. आत्या टोपली कमरेवर घेऊन पायऱ्या उतरूनही गेल्या होत्या.